रेल्वेच्या आधीची वाशी: तुमची बिल्डिंग तुम्ही कशी ओळखायचात?

सेक्टर_दहा
आमची सिडकोनं बांधलेली जेएन-टू टाईपची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार, म्हणून आईच्या घराची आवराआवर चालू आहे. माळ्यावर एक उन्हानं विटलेली बादली सापडली आणि जुनी फजिती आठवली.

१९८१ साली आम्ही परळच्या चाळीतून इथं आलो. मी नऊ वर्षांचा. चाळीतले म्हणाले, खाडीपलीकडे कोण जातं, कोल्हे तरी सोबतीला आहेत का? खरंच, इथं तेव्हा काहीच नव्हतं. डास तेवढे होते. सेक्टरभर एका साच्यातल्या बिल्डिंगी, तोच जिना, तीच दारं. झाडं म्हणजे पिंजऱ्यात उभी गुडघ्याएवढी रोपं. ओळखायला ना दुकान, ना पाटी.

पहिल्याच आठवड्यात शाळेतून आलो, दुसरा मजला चढलो, दार उघडंच होतं. दप्तर फेकलं, मोरीत पाय धुतले आणि ओरडलो, "आई, भूक!" आतून भलत्याच बाई आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी शेवयांचा उपमा पुढ्यात ठेवला. अर्धा संपल्यावर विचारलं, "कुठल्या बिल्डिंगचा रे तू?" मला सांगता येईना! रविवारी बाबांनी आमच्या गॅलरीला लाल बादली उलटी टांगली. पुढं उन्हानं ती गुलाबी झाली, तरी आम्ही तिला लालच म्हणायचो.

तुमची खूण काय होती? आणि त्या उपमावाल्या काकू कुणाच्या असतील तर कृपया कळवा.

मानखुर्दला_बदला
बादली दिसायला उजेड लागतो, भाऊ. मी तेव्हा व्हीटीला नोकरीला. ९ मे १९९२ ला वाशीपर्यंत लोकल आली, तोवर हार्बर मानखुर्दलाच संपायची. तिथं उतरून बससाठी धावायचं. पुलावर डुलकी लागलेली असायची, पण ओहोटीच्या चिखलाचा वास आला की डोळे न उघडता कळायचं, खाडी आली. खिडकीतून थंड वारा. तो मला अजून आवडतो, वासासकट.

घरी पोचेपर्यंत लाईट गेलेली. बायकोनं युक्ती केली, जिन्याच्या तोंडाशी कंदील ठेवायची. महिनाभरात प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी कंदील. झालं!

गॅलरीतली
आमची खूण म्हणजे कुत्रा. ज्या जिन्यात तो भुंकायचा नाही, तो आमचा.

जुहूगावचा
"काहीच नव्हतं" वाचलं की दरवेळी हसू येतं. राग म्हणत नाही, आता वय झालं. तुमच्या सेक्टरांच्या जागी आमची भातखाचरं होती, पलीकडे मिठागरं. उधाणाला खाडीचा बांध फुटला की अख्खं गाव रात्री चिखलात उतरायचं, कारण एकदा खारं पाणी शिरलं की पीक गेलं. आम्ही पोरं खाजणात निवट्या धरायचो. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यातलं एक आमचं. तुम्ही नव्या घराला खुणा लावत होतात, तेव्हा आमची पोरं भरावाखाली आपलं शेत कुठं गेलं ते शोधत होती.

जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे जासई-दास्तानला जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. काका आमचे शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांच्या त्या आंदोलनात होता, दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. घरात चूल पेटली नाही. पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले ते त्यातून. असो.

खुणेचं सांगतो. आजी तुमच्याच बिल्डिंगींत मासळी विकायची. नंबर वाचता येत नव्हते, पण कधी चुकली नाही. एक कोलबीवाल्यांची, एक घासाघीस करणाऱ्यांची, एक श्रावणातही हळूच सुकट घेणाऱ्यांची. आई टोपली घेऊन मागं असायची, तिला सगळी नावं पाठ आहेत.

सेक्टर_दहा
दादा, "काहीच नव्हतं" मागं घेतो. नऊ वर्षांच्या पोराला बांध दिसला होता, तो कशाचा हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यावरून सायकली पळवायचो.

एक विचारू? लाल बादलीवाल्या बिल्डिंगीला आजी काय म्हणायच्या?

जुहूगावचा
आईला विचारलं. बादली म्हटल्याबरोबर हसली. "उधारीवाल्यांची."

सेक्टर_दहा
आमच्या आईला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, दोन पापलेटांचे राहिलेत खरे.