प्राचीन चीनच्या चार वर्गांत बायका कुठे होत्या?

जुनीपाटी:
सध्या हान काळाबद्दल (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) वाचतोय. जिथे तिथे तीच उतरंड भेटते: शी म्हणजे विद्वान-अधिकारी, नोंग म्हणजे शेतकरी, गोंग कारागीर आणि सगळ्यात शेवटी शांग, व्यापारी. या चारांत घरातली बाई कुठेच नाही. तिचं काम राज्याच्या हिशेबात येत होतं का, की घरकाम म्हणून सोडून दिलेलं?

धोटावाली:
येत होतं, आणि काटेकोरपणे येत होतं. मी बारा वर्षं हातमागावर बसते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

तिथली जुनी वाटणी अशी: पुरुषाने नांगरायचं, बाईने विणायचं. इ.स. 204 मध्ये, हान काळाच्या अखेरीस, त्साओ त्साओ या सेनापतीने उत्तरेत कर बसवला, तो शेतावर धान्याचा आणि घरटी रेशमी कापडाचे दोन तागे. एक तागा साधारण नऊ मीटरचा. हे तागे नांगरावरच्या माणसाने विणलेले नव्हते! त्याच्याही कितीतरी आधी, हानच्या अगोदरच्या छिन राज्यात कापड हे चलनच होतं. 1975 मध्ये हूबेय प्रांतातल्या श्वेहूदीच्या थडग्यात कायद्याच्या बांबूपट्ट्या सापडल्या. त्यांत चलनाच्या कापडाचं माप दिलंय: लांबी आठ छी, पन्हा (म्हणजे रुंदी) अडीच छी, किंमत 11 नाणी. तेव्हाचा छी सुमारे 23 सेंटिमीटर, म्हणजे पन्हा साधारण 58 सेंटिमीटर. मागावर बसलेल्या बाईचे हात धोटा फेकायला आरामात पोचतील एवढाच. माप कमी भरलं किंवा वीण वाईट निघाली, तर ते कापड चलनात चालत नसे.

त्यात वसंतात रेशमाच्या अळ्या. त्यांना दिवसरात्र तुतीचा पाला लागतो, शेवटच्या दिवसांत तर त्या अधाशासारख्या खातात. पुढे कोश गरम पाण्यात टाकून धागा उलगडायचा. एवढं करून साध्या घरातल्या बाईच्या अंगावर रेशीम क्वचितच. तिचे कपडे भांगेच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या धाग्याचे. 'बूयी', म्हणजे जाड्याभरड्या कापडातला, हा शब्दच तिथे सामान्य माणसासाठी रूढ झाला.

लांबचा_वाचक:
उतरंडीवरही फार भिस्त ठेवू नका. हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाने व्यापाऱ्यांना रेशीम नेसायला आणि रथात बसायला बंदी केली होती. डोईपट्टीही त्यांना दुप्पट. तरी इ.स.पू. 178 च्या सुमारास चाओ त्सुओ हा अधिकारी सम्राटाला लिहितो, की कायदा व्यापाऱ्याला हीन मानतो आणि तो श्रीमंत झालाय, शेतकऱ्याला मान देतो आणि तो कंगाल झालाय. त्याने दिलेला हिशेब पाच माणसांच्या कुटुंबाचा आहे: त्यांतले दोघे तरी सरकारी वेठीला, जमीन 100 मू (मू हे जमिनीचं माप), पीक 100 शीच्या वर नाही (इथे शी हे धान्याचं माप). कर्ज फेडायला माणसं पोटची पोरं विकतात, हेही त्यानेच लिहिलंय.

जुनीपाटी:
पोरं विकण्याचं वाचून गलबललं. धोटावाली, बाई आणि कापड यांबद्दल एखाद्या खऱ्या घरातलं काही सापडलंय का?

धोटावाली:
सापडलंय, त्याच श्वेहूदीत, दुसऱ्या एका थडग्यात. हेफू आणि जिंग या दोन भावांनी इ.स.पू. 223 च्या सुमारास छिनच्या सैन्यातून घरी लिहिलेली लाकडी पट्ट्यांवरची पत्रं. हेफू आईला सांगतो: आनलूत, म्हणजे आपल्या गावाकडे, कापड स्वस्त असेल तर उन्हाळी कपडे शिवून पैशांसोबत पाठव, महाग असेल तर नुसते पैसे पाठव, मी इथेच कापड घेईन. जिंगला पाच-सहाशे नाणी हवीत आणि चांगलं कापड, अडीच झांगहून कमी नको. उसने पैसे खर्च झालेत, घरून आले नाहीत तर मी मेलोच, असं लिहून पुढे तो एकच शब्द तीनदा लिहितो: तातडीने, तातडीने, तातडीने.

अडीच झांग म्हणजे पावणेसहा मीटर. आयतं सूत घेऊन मी तेवढं विणून पाहिलं, चार दिवस गेले. त्या घरात कापड विणायचं ठरलं असतं, तर आधी साल सोलणं, भिजवणं, धागा जोडणं आलं. पत्रं घरी पोचली होती. ती घरच्याच माणसाच्या थडग्यात, त्याच्यासोबत ठेवलेली मिळाली.