सेलाफिल्डच्या बाजूला चार दिवस जायचंय, सहा वर्षांची मुलगी आणि आई सोबत, जावं का?

सागरिका_क:
आम्ही मँचेस्टरला राहतो, मे महिन्यात आई येतेय आणि मला तिला वेस्ट कुंब्रियाचा किनारा दाखवायचाय, सेंट बीज, रेव्हनग्लास, जमलं तर वास्टवॉटर तलाव. बुकिंग करायला बसले तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसमधलं कुणीतरी म्हणालं अरे तिथे तर सेलाफिल्डचा अणुप्रकल्प आहे, मुलीला वाळूत खेळायला नेऊ नका. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. मला दोन गोष्टी विचारायच्यात, एक म्हणजे मुलीला बीचवर खेळू द्यायचं की नाही, आणि दुसरी, प्लांट आतून बघता येतो का, कारण आई फिजिक्स शिकवायची आणि तिला फार उत्सुकता आहे. आईचे गुडघे दुखतात, गाडी नाहीये, ट्रेननेच फिरणार. कुणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा प्लीज.

मीठवारा:
जा, नक्की जा. मी तीन वर्षं तिथल्याच व्हाइटहेवन गावात राहिलोय, मुलं त्याच बीचवर वाढली. पहिलं म्हणजे तिथले बीच बंद नाहीत, पाट्या लावून कुणी अडवत नाही. हे खरं आहे की जुन्या काळात प्लांटमधून समुद्रात जे सोडलं गेलं (सत्तरच्या दशकाच्या मध्यात सगळ्यात जास्त) त्याचे बारीक किरणोत्सर्गी कण कधीकधी वाळूत सापडतात, म्हणून तर डिटेक्टर लावलेली गाडी वाळू तपासत फिरते, दिसली तर घाबरू नका, तिचं कामच ते आहे. आरोग्य खात्याचं म्हणणं असं की धोका खूप कमी आहे आणि बीचवर जाणाऱ्यांनी वेगळी काही काळजी घ्यायची गरज नाही. आम्ही खाण्याआधी मुलांचे हात धुवायचो, पण ते आपण कुठल्याही वाळूत करतोच.

आकडा हवा असेल तर, ब्रिटनमधल्या माणसाला वर्षाला सरासरी २.७ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचं माप) डोस मिळतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूमुळे. इंग्लंडच्या नैऋत्येला कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट आहे, त्यातून रेडॉन जास्त येतो म्हणून तिथली सरासरी ७ च्या आसपास जाते, आणि तिथे सुट्टीला जाताना कुणी असं विचारत नाही. आईंना हे नक्की आवडेल.

आतून बघायचं मात्र विसरा. पूर्वी व्हिजिटर सेंटर होतं, ते बंद होऊन पाडलंसुद्धा. आता सशस्त्र पोलिसांचा पहारा असतो, कुंपणाशी रेंगाळत फोटो काढू नका, आणि ड्रोन तर अजिबात नाही, वरची हवाई हद्दच बंद आहे. त्याऐवजी व्हाइटहेवनच्या बंदरावर बीकन म्युझियम आहे तिथे सेलाफिल्डवर प्रदर्शन असतं, आधी वेळा बघून घ्या.

वाटसरू७१:
ट्रेनचं मी सांगते, कारण हा प्रवासच मला सगळ्यात आवडला होता. कार्लाइलहून बॅरोला जाणारी कोस्ट लाइन घ्या आणि व्हाइटहेवननंतर उजव्या बाजूला बसा, काही ठिकाणी रूळ समुद्राच्या इतके जवळ आहेत की भरतीला खिडकीखाली नुसतं पाणी दिसतं. सेलाफिल्ड आलं की मात्र आईंना डावीकडच्या खिडकीशी बसवा, गाडी प्लांट आणि समुद्राच्या मधूनच जाते, आतून बघायला नाही मिळालं तरी इतक्या जवळून दिसतं की मन भरतं. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर कामगारांनी डबा भरून जातो, ती वेळ टाळा. छोट्या काही स्टेशनांवर हात दाखवला तरच गाडी थांबते हे लक्षात ठेवा, आणि रविवारी गाड्या कमी.

गुडघ्यांसाठी सेंट बीजचा कडा नको, चढ आहे, आईंना खाली बीचवर बसवा आणि तुम्ही मुलीला घेऊन थोडं वर जाऊन पक्षी बघून या, लाल दगडाचे कडे आहेत आणि मे-जूनमध्ये ते पक्ष्यांनी गजबजलेले असतात. इंग्लंडमध्ये ब्लॅक गिलेमॉट हा समुद्रपक्षी घरटी करतो ती हीच जागा. मुलीसाठी रेव्हनग्लासची छोटी रेल्वे चुकवू नका, जेमतेम १५ इंच रुंदीचे रूळ आणि सात मैल डोंगरात. तिला ला'ल रॅटी म्हणतात, ला'ल म्हणजे तिकडच्या बोलीत छोटी, आपल्या लाल रंगाशी काही संबंध नाही, माझ्या मुलाने हे पन्नास वेळा विचारलं होतं. स्टेशनपासून थोडं चाललं की रोमन स्नानगृहाच्या भिंती आहेत, अजून पुरुषभर उंचीच्या दुप्पट उभ्या. वास्टवॉटरला मात्र ट्रेन नाही, टॅक्सी आधी ठरवून ठेवा.

अणुजिज्ञासू:
वरच्या दोघांशी सहमत, पण आई फिजिक्सच्या असतील तर आधी त्यांना १९५७ ची गोष्ट सांगा, मग खिडकीतून दिसणाऱ्या त्या इमारतींना अर्थ येतो. तेव्हा नाव विंडस्केल होतं, सेलाफिल्ड हे नाव साइटला १९८१ मध्ये दिलं. बॉम्बसाठी प्लुटोनियम करणाऱ्या दोन अणुभट्ट्या होत्या, ग्रॅफाइटच्या आणि हवेने थंड होणाऱ्या. ग्रॅफाइटमध्ये साठलेली ऊर्जा मोकळी करायला भट्टी मुद्दाम तापवायचे, ऑक्टोबर १९५७ मध्ये ते करताना एका भट्टीतल्या इंधनानं पेट घेतला. टॉम तुही नावाचा अधिकारी स्वतः भट्टीवर चढून आत डोकावत होता, शेवटी पाणी सोडलं, पण खरा फरक पडला तो हवा बंद केल्यावर. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ बाहेर पडलं ते गवतावर, गवतातून गाईंच्या दुधात, म्हणून सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं उरतं, म्हणून आठवडे थांबलं तरी चालण्यासारखं होतं. चिमणीच्या टोकावर फिल्टर बसवायचा हट्ट जॉन कॉकक्रॉफ्ट या शास्त्रज्ञानं धरला होता, लोक त्याला कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा म्हणत, आणि त्याच फिल्टरांनी बरंचसं अडवलं. चौकशी अहवाल मात्र पूर्ण उघड झाला १९८८ मध्ये, मला यावर अजून राग येतो, ज्यांच्या अंगणात हे झालं त्यांनाच तीस वर्षं सगळं सांगितलं नाही.

मुलीच्या काळजीबद्दल एक गोष्ट लपवत नाही. १९८० च्या दशकात शेजारच्या सीस्केल गावातल्या मुलांमध्ये ल्युकेमिया जास्त दिसला, ते प्रमाण चौकशीतही मान्य झालं, पण तिथला किरणोत्सर्ग इतका कमी मोजला गेला की त्यातून ते समजावता येईना. सरकारी समितीनं २०१६ मध्ये सांगितलं की १९९१ नंतरच्या आकड्यांत तसं काही जास्त दिसत नाही. हे सगळं तिथे राहणाऱ्यांबद्दल आहे, चार दिवसांच्या पाहुण्यांबद्दल नाही. मी माझ्या मुलीला नेलं होतं.

सागरिका_क:
खूप धन्यवाद सगळ्यांना. सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं, दुधाची गोष्ट ऐकून ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली बीकन म्युझियम पहिल्या दिवशी ठेव. मुलीला फक्त छोट्या ट्रेनशी मतलब आहे. तिकिटं आज काढतेय, जाताना उजवी बाजू आणि सेलाफिल्डला डावी, लिहून ठेवलंय.