दुर्बीण ‘निर्जंतुक’ होते का?

कृष्णाकाठचा

मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी खोलीसाठी, म्हणजे तोंडातून नळीसारखी दुर्बीण घालून पोट आतून बघतात त्या खोलीसाठी, मराठी तक्ता लिहून देतोय. २०२० साली घाईघाईत चिकटवलेला इंग्रजी कागद अजून तिथल्या सिंकवर आहे, औषधाचे शिंतोडे उडून पिवळा पडलेला. दुर्बीण धुणाऱ्या मावशींनी तो कधी वाचला असेल असं वाटत नाही. त्यात तीन शब्द आहेत: क्लीनिंग, डिसइन्फेक्शन, स्टरिलायझेशन. पहिल्याला ‘स्वच्छता’ केलं आणि उरलेल्या दोन्हींना ‘निर्जंतुकीकरण’ लिहून मोकळा झालो. सिस्टरांनी कागद परत दिला. म्हणाल्या, “सर, हे वाचून कुणी दुर्बीण ऑटोक्लेव्हमध्ये, त्या कडक वाफेच्या यंत्रात, टाकली तर भरून कोण देणार?”

तर मधल्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

पोथीवाचक

डिसइन्फेक्शनला जंतुनाशन, स्टरिलायझेशनला निर्जंतुकीकरण. एवढं साधं आहे. घोळ वापरात झाला, आणि कोरोनात तर पार हाताबाहेर गेला. बँकेचं काउंटर पुसलं तरी निर्जंतुकीकरण, एसटी धुतली तरी निर्जंतुकीकरण.

‘निर्’ हा उपसर्ग तडजोड करत नाही. निर्जळी एकादशीला अर्धा कप चहा चालतो का? तसंच हे. निर्जंतुक म्हणजे एकही जंतू नाही, जंतूंचे चिवट बीजाणूसुद्धा (कवचात दडलेली रूपं) नाहीत. ‘जंतुनाशन’ एवढा दावा करत नाही. जंतू मारले म्हणतं, किती उरले ते सांगत नाही. म्हणून इथं तोच शब्द खरा.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)

पोथीवाचक, तुमची एकादशी आवडली. पण मावशींना ‘जंतुनाशन’ही कळत नाही. आमच्या खोलीत कोणते शब्द चालायचे ते सांगते, पटतील ते घ्या.

पेशंटच्या तोंडातून स्कोप, म्हणजे ही दुर्बीण, बाहेर आला की तो ‘उष्टा’. हा शब्द कुणी शिकवला नाही, आपोआप आला. “उष्टा आहे, हात नको लावू” म्हटलं की नवी मुलगी सुद्धा दचकून मागं व्हायची. मग तिथंच, पलंगाशेजारी, तो ओल्या कापडाने ‘पुसायचा’ आणि एन्झाइमचं पाणी ‘ओढून घ्यायचं’. वाळू द्यायचा नाही. खरकटं ताट रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी काय होतं, ते मावशींना सांगावं लागत नाही.

मग लीक टेस्ट. स्कोपमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायचा, बुडबुडे बघायचे. आमच्या एक मावशी म्हणायच्या, “सिस्टर, पंक्चर काढायचं का?” सायकलवाल्याच्या घमेल्यातली ट्यूब आठवा. बुडबुडा दिसला की काम थांबवायचं, स्कोप दुरुस्तीला.

मग ‘घासणे’. लांब दांडीचा बारीक ब्रश नळीत घालायचा, तो दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत. ब्रशवर काही दिसलं तर पुन्हा. मग ‘विसळणे’. मग ‘बुडवणे’, म्हणजे दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक औषधात. आम्ही त्याला ‘हिरवं पाणी’ म्हणायचो. आमच्याकडे घड्याळ लावून २० मिनिटं. पाणी नळीतही भरायचं, नुसतं वरून बुडवून उपयोग नाही. परत विसळायचं, नळीतून स्पिरिट सोडायचं, हवा मारायची.

तुमचा मधला शब्द म्हणजे हे ‘बुडवणे’. त्याच हिरव्या पाण्यात बीजाणू मरायचे तर दहा तास ठेवावं लागतं. वीस मिनिटांत दुर्बीण निर्जंतुक होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

कृष्णाकाठचा

सिस्टर, गरज नाही म्हणजे? पेशंट हे वाचेल तर पळून जाईल.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)

पळू नका. स्पॉल्डिंग म्हणून एक अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते, त्यांची १९६८ साली छापलेली वर्गवारी अजून चालते. जे हत्यार रक्तात किंवा मांसात शिरतं ते निर्जंतुकच हवं. जे आतल्या ओल्या अस्तराला नुसतं टेकतं, त्याला वरच्या दर्जाचं जंतुनाशन पुरतं. जे फक्त धड कातडीला लागतं, बीपीचा पट्टा वगैरे, त्याला पुसणं. पोटाची दुर्बीण मधल्या गटात येते. पण तिच्यातूनच आत जाणारा बायॉप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढायचा, चिमटा अस्तर तोडतो, म्हणून तो पहिल्या गटात, ऑटोक्लेव्हमध्ये. एकाच ट्रेवर दोन वस्तू, दोघींना दोन शब्द. दोन्हीला एकच शब्द लिहिला तर चिमटाही वीस मिनिटं बुडवून काढतील. दुर्बीण जळाली तर पैशाचं नुकसान. चिमटा नुसता बुडवला तर पेशंटचं.

पोथीवाचक

‘उष्टा’ उत्तम. त्याच्या जोडीला धुतलेल्या बाजूसाठी ‘सोवळं’ घ्यावं का? सोवळ्याची बाजू, ओवळ्याची बाजू. नेमकी व्यवस्था आहे ती.

कृष्णाकाठचा

नको. सोवळ्यात कुणाला शिवू द्यायचं नाही याचा हिशेब जातीवर होता आणि स्कोप धुणाऱ्या मावशींना तो चांगला ठाऊक आहे. उष्टं तुमचं-माझं सगळ्यांचंच असतं, म्हणून ते चालेल. मी ‘उष्टी बाजू’ आणि ‘धुतलेली बाजू’ लिहितो.

तासगावकडचा बागायतदार

मी दवाखान्यातला न्हाई, पण ‘फवारणी’वर बोलायचा हक्क हाय. २०२० ला आमच्या गावात द्राक्षबागंचा ट्रॅक्टरचा ब्लोअर घेऊन गल्लीबोळात हायपोक्लोराइटचं जंतुनाशक मारलं. द्राक्षावरच्या भुरी रोगावर मारतो तसं. लोकं दारात उभं राहून बगत होती, एकानं तर “आमच्या बैलावर बी मार” म्हटलं. आम्ही त्याला निर्जंतुकीकरणच म्हटलं होतं, फ्लेक्सवर बी तसंच छापलं.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)

दादा, मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलं, रस्त्यावर फवारू नका, धूळ-घाणीत औषधाचा जोर जातो. आणि माणसांवर तर कधीच नाही. आमच्या सिंकवरही नियम तोच. घासल्याशिवाय बुडवलं तर हिरवं पाणी त्या घाणीवरच खर्ची पडतं.

तासगावकडचा बागायतदार

म्हंजे आधी पान धुवायचं, मग औषध. आमचं उलटं असतंय. आणि ‘लागण’ शब्द त्या तक्त्यात घालू नका हो. जुलैत मला एकानं फोनवर इचारलं, “लागण झाली का?” मी म्हटलं, दोन एकर झाली, आडसाली. पलीकडं एकदम शांत.

पोथीवाचक

अगदी. वाळव्यापासून कराडपर्यंत लागण म्हटलं की आधी ऊस. ‘संसर्ग’ घ्या. त्याचा मूळ अर्थच संपर्क, एकत्र येणं. रोगाचा अर्थ नंतर चिकटला. स्कोपच्या बाबतीत मूळ अर्थही लागू पडतो.

कृष्णाकाठचा

‘संसर्ग’ घेतला. आता कोरोनाचा भाग. इंग्रजी कागदावर ‘एरोसोल’ आहे. वृत्तपत्रांनी ‘तुषार’ केलं होतं. मला ते कारंज्याचं वाटतं.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)

तुषार म्हटलं की बागेतलं कारंजंच. दुर्बीण घशात गेली की पेशंट ओकारी काढतो, खोकतो, आणि डॉक्टरांचं तोंड त्याच्यापासून हातभर. शिंतोडे जवळ पडतात, दिसतात. जे दिसत नाही, हवेत तरंगत राहतं, त्याला आम्ही ‘वाफारा’ म्हणत होतो. शास्त्रोक्त नाही, वाफ नसतेच ती, पण “वाफारा बसू दे, मग पुढचा पेशंट” हे सगळ्यांना कळायचं. म्हणून एन-९५, म्हणून दोन पेशंटमध्ये खोली रिकामी, म्हणून थांबण्याजोग्या केसेस पुढं ढकललेल्या. रक्ताची उलटी किंवा घशात अडकलेलं हाड असेल तरच आत.

गंमत म्हणजे स्कोप धुण्यात काहीच बदललं नाही. या विषाणूला चरबीचं वेष्टन असतं, साबणाने फाटतं, हिरव्या पाण्यात तर टिकतच नाही. बदललं ते धुणाऱ्या माणसाचं. आधी मावशी साध्या ॲप्रनवर उभ्या असायच्या, त्या वर्षी त्यांना पहिल्यांदा डॉक्टरांसारखं किट मिळालं. एक मावशी आरशात बघून म्हणाल्या, “आता मीबी दिसत न्हाई कुणाला.” आधीही दिसत नव्हत्या, हे मी तेव्हा बोलले नाही.

कृष्णाकाठचा

तक्ता असा झाला: पुसणे, हवा भरून बघणे, घासणे, विसळणे, बुडवणे (वीस मिनिटं, घड्याळ लावून), विसळणे, स्पिरिट, वाळवणे. खाली लाल अक्षरात: ‘चिमटा बुडवायचा नाही, ऑटोक्लेव्ह करायचा.’ डोक्यावर ‘दुर्बिणीचे जंतुनाशन’. ‘निर्जंतुक’ शब्द फक्त चिमट्याच्या डब्यावर.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)

‘वाळवणे’नंतर ‘टांगणे’ लिहा. उभा टांगायचा, कपाटात. मुलं गुंडाळून पेटीत ठेवतात, नळीत ओल राहते आणि सकाळपर्यंत सगळं पुन्हा उष्टं.