आयसीयूतले आठ क्लेबसिएला: स्ट्रेन एकच आहे हे कसं दाखवायचं?

प्लेटवाली_कोथरूड:
पुण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. महिन्याभरात आयसीयूतून आठ क्लेबसिएला न्यूमोनिई (इन्फेक्शन करणारे जिवाणू) आले. सगळे मेरोपेनेम या अँटिबायोटिकला रेझिस्टंट, अँटिबायोग्राम (कुठलं औषध लागू पडतं, कुठलं नाही याचा तक्ता) डिट्टो. इन्फेक्शन कंट्रोलवाले म्हणतात एकच स्ट्रेन फिरतोय, आमचे सर म्हणतात पुरावा दे. साधं पीसीआर मशीन आणि जेल आहे. ईआरआयसी-पीसीआर (पीसीआरने जेलवर पट्ट्यांचा ठसा काढणं) चालेल का, की पीएफजीई (डीएनए कापून मोठे तुकडे जेलवर वेगळे करणं) बाहेरून करून घेऊ?

रिटायर्ड_मायक्रो:
अगं, अँटिबायोग्राम सारखा म्हणजे स्ट्रेन एक, असं नसतं. मेरोपेनेम निकामी करणारी एनडीएम, ऑक्सा-४८ गटातली जीन्स बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असतात. एकच प्लाझ्मिड तीन वेगळ्या स्ट्रेनमध्ये शिरलं की प्लेटवर तिन्ही जुळी भावंडं. उलटंही होतं: प्लाझ्मिड गळालं की एकाच स्ट्रेनचे दोन अँटिबायोग्राम.

ईआरआयसी करच, एका दिवसाचं काम आहे. पण आठही एकाच मास्टर मिक्समधून (एकदाच कालवलेल्या रसायनांतून), एकाच रनला, एकाच जेलवर. सोमवारचं जेल शुक्रवारच्या जेलशेजारी धरून पट्टे जुळवू नकोस. टेम्पलेट (नमुन्याचा डीएनए) किंवा मॅग्नेशियम जरा इकडेतिकडे झालं की फिकट पट्टे येतात नि जातात. आणि दुसऱ्या वॉर्डातले, गेल्या वर्षीचे दोन-तीन क्लेबसिएला त्याच जेलवर लाव. तेही सारखेच दिसले तर तुझ्या पद्धतीला फरकच ओळखता येत नाही, रिपोर्ट लिहू नकोस. लोक नेमकी हीच लेन (जेलवरचा रकाना) वाचवतात!

व्हेंटिलेटरचा स्वॅब घेतलायस ना?

जेलबाबा:
पीएफजीईचं सांगतो. क्लेबसिएलाचा डीएनए कापायला एक्सबीए-वन एन्झाइम, पेशी ॲगरोजच्या प्लगमध्येच फोडायच्या, मग १८-२० तासांचा रन. वाचायला टेनोव्हर या संशोधकाचे १९९५ चे निकष: दोन-तीन पट्ट्यांचा फरक तर जवळचे, सात किंवा जास्त तर वेगळे. लेनमध्ये पट्ट्यांऐवजी नुसता स्मिअर (पसरट डाग) आला तर रनिंग बफरमध्ये थायोयुरिया घालायला सांगा. आणि स्वतः करणार असाल तर बुधवारी रात्री रन लावू नका, गुरुवारी महावितरणची वीजकपात आहेच.

प्लेटवाली_कोथरूड:
स्वॅब घेतलाय, वाढ आहे. एमएलएसटी (ठरलेल्या सात जीन्सचं सिक्वेन्सिंग करून स्ट्रेनचा प्रकार ठरवणं) केलं तर?

रिटायर्ड_मायक्रो:
हिशेब कर. सात जीन्स, आठ आयसोलेट (पेशंटकडून वाढवलेले जिवाणू), दोन्ही बाजूंनी सिक्वेन्सिंग: ११२ रिॲक्शन. आणि उत्तर, म्हणजे एसटी (सिक्वेन्स टाइपचा नंबर), समजा एसटी२३१ किंवा एसटी१४७ आलं, तर ते भारतात ठिकठिकाणी सापडतात. एसटी जुळला म्हणून तुझ्या आयसीयूतच एकाकडून दुसऱ्याकडे गेला असं ठरत नाही. वेगळे आले तर मात्र वाद मिटला. तेवढा खर्च करणारच असशील तर होल जीनोम (सगळ्या डीएनएचं सिक्वेन्सिंग) कर, एसटी त्यातूनच निघतो. प्लाझ्मिडही बघायचं असेल तर नॅनोपोरसारखे लांब रीड्स (मशीनने सलग वाचलेले डीएनएचे तुकडे) माग, छोट्या रीड्समध्ये त्याचे तुकडे पडतात.

जेलबाबा, राग मानू नका, अन्नातून पसरणाऱ्या साथी शोधणाऱ्या अमेरिकेच्या पल्सनेट या लॅबच्या जाळ्यानेही २०१९ मध्ये पीएफजीई सोडून होल जीनोम धरलं.

जेलबाबा:
त्यांच्याकडे बजेट आहे हो.

प्लेटवाली_कोथरूड:
डीप फ्रीझरमध्ये गेल्या वर्षीचे ग्लिसरॉल स्टॉक सापडले. उद्या रिव्हाइव्ह करते. ईआरआयसी-१आर आणि ईआरआयसी-२ दोन्ही प्रायमर लावू का?

रिटायर्ड_मायक्रो:
दोन्ही. ॲनीलिंग (प्रायमर डीएनएला चिकटण्याची पायरी) ५२ अंशांना. लॅडर (माहीत असलेल्या मापांचे पट्टे) जेलच्या दोन्ही कडांना लाव.