तुर्की: 'योर' (आत्ता चाललेल्या क्रियेचा प्रत्यय) लावताना मधला स्वर कसा ठरवायचा? उपाय सुचवा

नवशिक्या_नाशिक: मंडळी, तुर्की शिकायला घेतलंय. गेलमेक (येणे) चं गेलियोरुम म्हणजे 'मी येतोय', इथवर ठीक होतं, पण ओकुमाक (वाचणे) चं ओकुयोरुम आणि बेक्लेमेक (वाट बघणे) चं एकदम बेक्लियोरुम, मग तो 'ले' मधला ए गेला कुठे? ॲप नुसतं लाल फुली मारतंय. तक्ता पाठ करू का? की क्लास लावू?

चहाबाज: तक्ता नको हो. मेक/माक (आपल्या '-णे' सारखं शेपूट) उडवा आणि धातूतला शेवटचा स्वर बघा. आ किंवा बिनटिंबाचा आय (ı, तुर्कीत हे i पेक्षा वेगळं अक्षर) असेल तर मधे बिनटिंबाचा आय, ए-इ असेल तर इ, ओ-उ ला उ, आणि ते दोन टिंबवाले ओ-यू (ओठांचा चंबू करून म्हणतात ते) असतील तर टिंबवाला यू. धातू आधीच इ-उ वगैरेने संपत असेल तर थेट योर, म्हणून ओकुयोर. आ किंवा ए ने संपला तर तो गळतो आणि त्याच्या आधीच्या स्वराला विचारायचं. बेक्ले चा ए गेला, उरला बेक्ल, त्यात ए, म्हणून बेक्लियोर. ओयनामाक (खेळणे) चं ओयनुयोर पण तसंच. योर स्वतः मात्र कध्धीच बदलत नाही, त्यामुळे पुढचे मी-तू-आम्ही-तुम्ही-ते दाखवणारे उम, सुन, उझ, सुनुझ, लार एकदाच घोटले की झालं. आणि देवनागरीत लिहून शिकू नका प्लीज, दोन्ही आय सारखेच दिसतात मग बोंबच.

बोस्फरसकाठी: +१. नकाराचा मे/मा पण बेक्लेसारखाच वागतो, गेल्मियोरुम, ओकुमुयोरुम. प्रश्नाला योरनंतर मु, कारण योर मधे ओ आहे (लार लागलं तर मात्र बिनटिंबाच्या आयने): गेलियोर मुसुन? गित्मेक (जाणे) मधला त मात्र द होतो, गिदियोरुम. आणि इथे इस्तंबुलात बोलताना र बरेचदा खातात, 'काय करतोयस' ला सर्रास नापियोसुन ऐकू येतं, तेव्हा दचकू नका. 'मी इस्तंबुलात राहतो' ला पण योरच, इस्तंबुलदा ओतुरुयोरुम.

नवशिक्या_नाशिक: म्हणजे सोय्लेमेक (सांगणे) चं सोय्ल्युयोरुम, दोन टिंबवाल्या यू ने?

चहाबाज: बरोब्बर. क्लासचं म्हणाल तर अंकारा विद्यापीठाच्या त्योमेर या भाषाकेंद्राचं नाव आहे, पण नुसत्या योरसाठी पैसे घालू नका, रोजचे दहा-बारा धातू घ्या आणि मोठ्याने होकार, नकार, प्रश्न असं तिन्ही म्हणत बसा.

नवशिक्या_नाशिक: चालेल, गित्मेक पासून सुरू करतो. घरचे काय म्हणतील ते बघू.