बोन मॅरो बायोप्सी दुसऱ्यांदा: हाताची सुई की ड्रिल?

नमस्कार मंडळी,

आईची (वय 66) बोन मॅरो बायोप्सी (कमरेच्या हाडातून सुईने मगज आणि हाडाचा छोटा तुकडा काढून तपासणं) पुन्हा करावी लागणार आहे. तीन आठवड्यांपूर्वी केलेली वाया गेली.

हिमोग्लोबिन 7.8, प्लीहा वाढलेली, डॉक्टरांना मायलोफायब्रोसिसचा संशय आहे. या आजारात हाडातला मगज तंतूंनी भरून जातो, मग सिरिंजने कितीही ओढा, हाती काही येत नाही. याला 'ड्राय टॅप' म्हणतात. आईचं तेच झालं. म्हणजे सगळी भिस्त हाडाच्या तुकड्यावर. तो दीड-दोन सेंटीमीटर तरी हवा. आईचा आला जेमतेम 7 मिलीमीटर, त्यातलंही निम्मं वरचं कवच. फॉर्मॅलिनच्या बाटलीत शेवईचा तुकडा पडावा तसा दिसत होता. रिपोर्टवर 'नमुना अपुरा'.

मी उशाशीच उभी होते. आई कुशीवर, गुडघे पोटाशी, पदराचा बोळा दातांत. कमरेच्या मागच्या हाडाशी डॉक्टर अंगाचा भार देऊन सुई डावी-उजवीकडे पिळत होते. "झालं का गं?" तिने चार वेळा विचारलं. सुईची भूल कातडी आणि हाडावरच्या पापुद्र्यापुरतीच असते, आतल्या मगजाला ती लागत नाही, हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर तिला निदान सांगून तरी ठेवलं असतं.

आता दुसऱ्या डॉक्टरांनी बॅटरीवरच्या छोट्या ड्रिलने करू असं सुचवलंय. सुई लवकर आत जाते, तुकडाही बहुधा लांब निघतो म्हणाले. मगज ओढतानाची कळ मात्र तशीच राहणार. त्याची सुई एकदाच वापरायची असल्याने खर्च जास्त, पण त्याचं आम्ही बघू.

माझी भीती वेगळी आहे. आईला ऑस्टिओपोरोसिस आहे. हाताने करताना सुई कवच पार करून आत गेली की डॉक्टरांच्या हाताला ते कळतं. ठिसूळ हाडात ड्रिलवर तेवढा अंदाज राहतो का? तुकडा चेंगरत नाही ना? पॅथॉलॉजीतलं कुणी असेल तर कृपया सांगा. आणि ज्यांनी दोन्ही प्रकार सोसलेत त्यांनी दुखण्यात खरंच किती फरक पडला ते लिहा. की ड्रिलपेक्षा रोज हे काम करणारा हात शोधावा? शिरेतून गुंगीचं औषध कुणाला दिलं होतं का? आई त्याचंच विचारतेय.

तारीख येत्या गुरुवारची आहे. त्याआधी लिहिलंत तर फार उपकार होतील.