ठसे मागितले की मिळतात असं नाही

'पोलिसांनी मागितलं की आधारवाले सगळं काढून देतात' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. गोव्यात हे होता होता राहिलं. वास्कोतल्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी सीबीआयने आधारकडचे गोवेकरांचे बोटांचे ठसे मागितले आणि खालच्या कोर्टाने तसा आदेशही दिला. एका आरोपीसाठी अख्ख्या राज्याचे ठसे! मार्च २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं, लेखी संमतीशिवाय द्यायचे नाहीत.

नाव-पत्ता मात्र संमतीविना जाऊ शकतो. त्याला २०१९ पासून हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचा आदेश लागतो (आधी जिल्हा न्यायाधीशाचा पुरायचा), आणि ज्याचा आधार आहे त्याचं म्हणणंही ऐकावं लागतं. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण असेल तर कोर्टाऐवजी सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश चालतो; तो लागू होण्याआधी सरकारी सचिवांची समिती तपासते, पण तिथे आपलं ऐकून घ्यायची अटच नाही. मला तीच तरतूद जास्त खुपते.